चार्ज यादी

तिडके मॅडम, इथं सही करा.
जडवस्तू नोंदवही, पान एकोणचाळीस.
साईड ड्रम सहा, वाजणारे चार.
बासऱ्या नऊ, दोघींची तोंडं पोरांनी चावलेली.
ट्रायंगलची कांडी हरवलीय,
आपण सायकलचा स्पोक वापरतो.
बिगुल एक.
त्याचा पोचा नोंदीत नाही.
तो मीच पाडला, दोन हजार अकराला, रागाच्या भरात,
आणि ज्या पोरासमोर आपटला
तो आता केजच्या बसवर कंडक्टर आहे.
सुट्टे पैसे देताना अजून हसतो.

मी गणिताचा माणूस.
हेडसरांनी बँड गळ्यात घातला,
म्हणे, तुम्हाला मोजता येतं.
मोजता येत होतं. तेवढंच येत होतं.
मग मेहराजभाई आले, वरातीतले क्लॅरिनेटवाले,
आषाढात लग्नं नसतात म्हणून रिकामे.
कडुनिंबाखाली बसून त्यांनी पोरांच्या हातातलं
एकेक काढून घेतलं:
"पैले पावां, सर. हातां बाद में."
तेव्हापासून पहिला पंधरवडा
वाद्याला हात नाही. पोरं नुसती चालतात.
धूळ उठते,
शेजारच्या काकू पापड आत घेतात
आणि मला ऐकू येईल असं बोलतात.
तुम्हीही ऐकून घ्या.

सतरा सप्टेंबरला बँड पूर्ण असतो.
सोळा पोरं, एकच पाऊल.
तहसीलदारांची जीप वळली की
बिभीषण मोठ्या ड्रमवर पहिली थाप टाकतो
आणि धारूरचा किल्ला ती परत पाठवतो,
जराशी उशिरानं.
नव्या पोरांना वाटतं
तिकडं दुसरी शाळा वाजवायलीय.
लगेच सांगू नका.

मग दसरा होतो.
मग ट्रॅक्टर लागतात.
"सर, आमी जायलोत कारखान्याला,"
कुणी सांगायला येतं, कुणी येत नाही.
कपाटावर बासरी सापडते,
पुसलेली, ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेली.

सव्वीस जानेवारीला किती उरतील
हे गणित मला वीस वर्षांत सुटलं नाही.
एका वर्षी सात उरले.
मी रात्रभर कागदावर पोरं हलवत बसलो,
मागचा पुढं, झांजवाला ड्रमवर,
भोकं दिसू नयेत म्हणून.
तालमीत जमलं सगळं.
आणि ऐन मैदानात रुखसारनं, सातवी ब,
आपल्या डावीकडं
एक पोरगी मावेल एवढी जागा सोडली.
मी डोळ्यांनी म्हटलं, सरक.
नाही सरकली.
तिच्या मागचाही नाही सरकला.
परीक्षकांनी रांग वाकडी म्हणून गुण कापले,
आणि मी तिला वर्गाबाहेर उभं केलं.
हे नोंदवहीत नाही, म्हणून तोंडी सांगतोय.

रात्री फोन आला, कराडकडच्या कुठल्याशा फडातून.
सत्यभामा. बापाच्या मोबाईलवरून.
"सर, वाजवलं का?"
मागं कुत्री, कुणीतरी मोळ्या मोजत होतं.
वाजवलं, म्हटलं.
"माझ्या जागी कोण होतं?"

रेंज गेली. की मीच ठेवला,
आठवत नाही.

असो. किल्ली ही.
कपाटाला गुडघा लावल्याशिवाय उघडत नाही.
पावसात मोठ्या ड्रमचं कातडं उतरतं,
वर्तमानपत्र पेटवून लांबूनच शेकायचं.
आणि जानेवारीत तो कुणाच्या गळ्यात घालू नका,
नुसता आणून ठेवा रांगेत.
बिभीषण चैत्रात येतो.
हात सोलवटलेले असतात, दोन दिवस काठी धरवत नाही.
त्याला आधी चालू द्या.