उघाडी

आमच्या भातखाचरांना खाडी चिकटून.
बांधाला एक उघाडी, सागवानी झडप,
ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं,
भरतीला खाडीच तिला लोटून बंद करते.
एका रात्री फटीत ओंडका अडकला.
सकाळी तीन एकर मिठात.

म्हणून डॉक्टर मुकादम बाईंनी
केसपेपरच्या पाठीवर हृदय काढलं
तेव्हा मला फार समजवावं लागलं नाही.
दोन मोठ्या नळ्या, मधे बोळ.
पोटात ती उघडीच असते, म्हणाल्या,
फुप्फुसांना तेव्हा काम नसतं.
जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत मिटते.
हिची नाही मिटली. रक्त उलटं फुप्फुसात भरतंय.
त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावून दिला.
खळखळ. ओळखीची.

अठ्ठावीस आठवडे, नऊशे वीस ग्रॅम.
याहून जड जिताडा मी तळ्यातून हातानं काढलाय.
पायाला चिठ्ठी : बेबी ऑफ हर्षाली म्हात्रे.

औषध कोणतं, तर आयबुप्रोफेन.
लावणीनंतर कंबर धरली की
मी पोयनाडच्या मेडिकलमधून आणतो तेच!
हिला नळीतून, थेंबाथेंबानं,
तीन डोस, चोवीस-चोवीस तासांनी.
बोळीला ते मीट म्हणतं,
पण मूत्रपिंडांच्याही कानात काही सांगतं,
म्हणून सिस्टर दर खेपेला लंगोट काट्यावर ठेवते.

दुसऱ्या डोसनंतर चार ग्रॅम. मग तीन.
तिसरा डोस थांबवला.
हर्षाली वाटीत दूध काढायची,
वाटीकडे बघायची, काट्याकडे बघायची.
अलिबागच्या त्या व्हरांड्यात
मी आयुष्यात पहिल्यांदा
कुणाच्या मुतण्यासाठी नवस बोललो.

पहाटे सिस्टर नयना दारात आली.
अकरा, म्हणाली.
हर्षाली हसली की रडली, अंधारात दिसलं नाही.

तिसरा डोस गेला.
गुरुवारी पनवेलहून मशीनवाले डॉक्टर आले.
पडद्यावर निळं, लाल,
आणि मधे दोऱ्याएवढं काहीतरी अजून.
बारीक आहे, म्हणाले. थांबू या.

संध्याकाळी भावाचा फोन :
दादा, आज उधाण आहे, झडप थोडी गळतेय.
गळणारच रे, म्हटलं, कुठली गळत नाही.
पेंढा कोंब, चिखल थाप,
आणि मध्यरात्री भरती चढली की
एकदा जाऊन
कान लावून बघ.