पन्हळीचे वेगळे

एमरिस शिडीवर, मी शिडीच्या पायाशी.
अकरा वर्षं हाच आमचा संसार.
वेल्समधल्या ह्या ओल्या गावाला आम्ही
महिन्यातून एकदा लख्ख बघायला लावतो,
आणि दुसऱ्या दिवशी पाऊस येऊन
आमचं काम तपासतो.

फेब्रुवारीत गाडीचा क्लच गेला.
रात्री वही उघडून बसलो.
"वरची खिडकी पुसताना माझं डोकं कुठे असतं?" तो म्हणाला,
"पन्हळीच्या खाली, वीतभर.
अकरा वर्षं पैशाला डोकं घासतोय मी, नेरिस."

मग जुन्या कार्डांच्या पाठीवर मी हाताने लिहिलं:
पन्हळीही साफ करून मिळतील.
पन्हळीचे वेगळे.
एकशेचाळीस कार्डं. शेवटच्या वीसांवर
अक्षर रुसलेलं.

पहिल्याच दिवशी, मिसेस प्रोबर्टकडे,
हात दाखवून अवलक्षण.
सवयीने आधी काचा केल्या, आरशासारख्या,
मग वरून काढला गाळ,
थंड, काळा, चहाच्या चोथ्यासारखा,
आणि तो ओघळत आला सगळ्या काचांवरून.
तिने आतून पडदा सारला. पाहिलं.
काही न बोलता पुन्हा ओढून घेतला.
दुसऱ्यांदा धुतलं ते फुकटात.
तेव्हापासून नियम: आधी माथा, मग डोळे.

खिडकी शेजाऱ्यांना दिसते.
पन्हळ कोण बघतं?
लोक हेच विचारतात, आणि त्यांचंही खरं आहे.
एमरिसला काही विकता येत नाही.
तो भरलेली बादली दारात आणून ठेवतो
आणि गप्प उभा राहतो.

बादलीत काय नसतं?
टेनिसचा चेंडू, बाहुलीचा एकच बूट,
कावळ्याने उद्यासाठी ठेवलेलं हाड,
आणि कपच्या. छपरं इथली शाळेच्या पाटीच्या दगडाची,
समोरच्याच डोंगरातून कापून आणलेली.
दर हिवाळ्यात ती कणाकणाने
डोंगराकडे परत निघतात,
पन्हळीपर्यंत पोचतात.

एप्रिलमध्ये इवोर ट्यूडरकडे गेलो.
खाणीत छत्तीस वर्षं, आता छाती धरलेली,
मागच्या खोलीतल्या खाटेवर.
त्याच्या मुलीने होकार दिला होता.
खिडकीखाली स्वयंपाकघराचं उतरतं छप्पर,
त्याच्या कडेला पन्हळ,
पन्हळीत रोवनचं रोप. हातभर. तीन फांद्या.
एमरिसने त्याला मुठीत धरलं
तशी आतून काचेवर टकटक झाली.

नऊ वर्षं ती काच आम्ही पुसली.
इवोर काय बघत पडलेला असतो
हे कधी मनात आलं नाही.
आम्हाला वाटायचं, डोंगर.

"ते राहू दे," तो म्हणाला. धाप लागली. थांबला.
"पैसे पूर्ण घे. पण ते राहू दे."

एमरिस शिडीवरून वाकून मला सांगतो,
पाणी तुंबेल, भिंतीत उतरेल,
पुढच्या वर्षी ओल धरेल,
जणू मला ठाऊकच नाही,
जणू खालून मी होकार द्यायला हवा.
मी शिडी धरून होते.
मी म्हटलं, कुंडीत लावू या?
आतून मान हलली. नाही.
कुंडी खाटेवरून दिसणार नव्हती.

मग त्याने दोन्ही बाजूंचा गाळ हाताने काढला,
चमच्याने, शेवटी बोटाने,
मुळांच्या खालून पाण्याला
पेन्सिलीएवढी वाट करून दिली.
पाऊण तास गेला त्यात. तीन घरं मागे राहिली.
मग काच पुसली, आधीपेक्षा सावकाश,
कोपऱ्यातसुद्धा.

बिल मी लिहिलं, गाडीच्या बॉनेटवर:
खिडक्या सात.
पन्हळ, हातभर सोडून.
दोन पौंड कमी.
एमरिस म्हणाला, त्याने पूर्ण घे म्हटलं होतं.
म्हटलं, हो. ऐकलं मी.