सातवी ओळ

कॉलेज रोडवर, नेरपगारांच्या ऑफिसात
यादी वाचत गेले. सातव्या ओळीत
सिगारेटवाली कंपनी.
"ताई, तीच तर फंड ओढतेय," ते म्हणाले,
आणि आपलं आपल्यालाच हसू आलं त्यांना.

वीस वर्षं सिव्हिलच्या ओपीडीत
जबडे तपासतेय मी.
दोन बोटंही आत जात नाहीत,
असं केसपेपरवर लिहितेय.
आणि दर पाच तारखेला
खात्यातून पाच हजार, निमूट.

सही केली. विकलं.
चौथ्या दिवशी मेसेज :
रक्कम जमा. नफ्यासकट.

निनादची फी गेल्या वर्षी यातूनच गेली.
हा चष्माही,
ज्यातून मी यादी वाचली.

उद्या ओपीडी.
सातपूरहून कुणी येईल, तोंड उघडेल,
जेवढं उघडतं
तेवढं.