धरणाला भरती नसते

दिवेआगरचं बुकिंग रद्द केलं तेव्हा
पैसे परत आले, तेवीस टक्के कापून.
ते कापलेले कुणाच्या नावावर, यावरून
आम्ही दोघं तीन दिवस बोललो नाही.
म्हणजे बोललो:
गॅस संपलाय. पाणी आलंय. ओजसची फी.

चौथ्या दिवशी उजाडायच्या आत
हेमराजनं पार्किंगमधून चार सायकली काढल्या,
एक खालच्या खैरनारांची,
तिचं सीट माझ्या उंचीला उतरवलेलं.
"समुद्रच हवाय ना," तो चार्वीला म्हणाला
माझ्याकडे न बघता, "चल, दाखवतो."

आनंदवल्लीपर्यंत थंडी फक्त बोटांत होती.
सोमेश्वरपाशी मिसळीचा वास आला,
ओजसनं मान वळवली, मानेमागे सायकल वळली.
"येताना," मी म्हणाले.
तीन दिवसांत चौघांना मिळून म्हटलेला
तो पहिला शब्द.

पुढे चढ. माझे गुडघे
गंजलेल्या कड्या.
गिरणाऱ्याकडून क्रेट भरलेली पिकअप गेली,
एक टोमॅटो उडाला, डांबरावर आपटला
आणि फुटला नाही.
चार्वीनं उतरून तो बास्केटमध्ये ठेवला.
तिथून पुढे आम्ही पाच जण.

द्राक्षबागेत घडांना वर्तमानपत्राचे झगे.
ओजस चालत्या सायकलवरून मोठ्यानं वाचत गेला:
सोनं उतरलं. वधू पाहिजे.
दशक्रिया विधी रामकुंडावर सकाळी आठ वाजता.
आत गोड होत चाललेल्या मण्यांना
यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग एका वळणावर झाडं संपली
आणि पाणी उघडलं,
असं आडवं
की पलीकडचा डोंगर त्याला टेकून झोपलेला.
चार्वी थांबली, एक पाय मातीवर.
"लाटा कुठायत?"
"आज रविवार," हेमराज म्हणाला.
मला हसू आलं. ते मी
हेल्मेटच्या पट्ट्याखाली दाबून धरलं.

काठाकाठानं पायवाट, बैलगाडीच्या चाकोरीची.
पाणी मागे हटलेल्या चिखलात
नखाएवढे शिंपले मिळाले.
चार्वीचा पुरावा पूर्ण झाला.
तेवढ्यात ओजसचं मागचं चाक बसलं.
पंप होता. पंक्चरची पेटी
घरी, फ्रीजवर.
मी सांगितलं होतं, हे वाक्य
ओठांपर्यंत आलं. दातांनी अडवलं.

थर्मोकोलच्या तराफ्यावर जाळं ओढत होते
पोपट बेंडकोळी. काठाला आले,
हात पायजम्याला पुसले, पिशवीतून
दोन चपटे चमचे काढून टायर सोडवलं,
ट्यूब फुगवली,
आणि धरणात बुडवत गेले, वीत वीत.
आम्ही सगळे उकिडवे.
काही नाही.
काही नाही.
मग मोहरीएवढे, एकामागोमाग एक
बुडबुडे.
"समुद्र बोलतोय," चार्वी कुजबुजली.
"हितं हाये." त्यांनी अंगठा ठेवला.
"नुसतं बघून दिसत न्हाई, ताई. बुडवावं लागतं."

मी पाण्याकडेच बघत म्हणाले,
"तेवीस टक्के. अर्धे अर्धे."
हेमराज काही बोलला नाही, फक्त
माझ्या सायकलचं स्टँड नीट लावलं.
"साडेअकरा," ओजस म्हणाला,
त्याला कुणी विचारलं नव्हतं.

ठिगळाचे पैसे पोपटदादांनी घेतले नाहीत.
टोमॅटो घेतला.
पाण्यात खंगाळून, खिशातलं मीठ लावून
तिथेच उभ्यानं खाल्ला.

निघताना मागे वळून पाहिलं:
उताराच्या मातीवर ओळीखाली ओळ,
पाणी जिथे जिथे थांबून खाली गेलं त्या खुणा.
धरणाला भरती नसते. एकदा भरतं,
मग वर्षभर तेवढंच पुरवायचं,
नळातून, पाटातून, आपल्यातुपल्यातून.

येताना मिसळ.
चार्वीनं पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला
आणि खाल्लाच नाही,
डोळे बारीक करून बघत राहिली
कुठून हवा येतेय.