सावलीचे गुण

महापेच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
सात वाजून गेले की मी एक पेशंट तपासायला घेतो.
त्याला नाव नाही, फॉर्म नाही,
"श्वास धरा" म्हणावं लागत नाही.
डब्याएवढा फँटम. आत करडी जेली,
जेलीत केसाहून बारीक नायलॉनचे धागे
आणि ठरल्या खोलीवर ठरल्या मापाची वर्तुळं.
एवढंच सुख, की उत्तर आधी माहीत असतं.
मशीनला फक्त विचारायचं, तुला काय दिसतं?

साधी पद्धत: पडद्यावर रवा सांडलाय.
वर्तुळांचे काठ उंदरानं कुरतडल्यासारखे.
हार्मोनिक: वर्तुळांच्या पोटातला गाळ गेला,
पण बारा सेंटिमीटरखाली सगळं पेंगतं.
तिसरी पद्धत दहा कोनांतून बघते
आणि दहांची सरासरी मांडते.
रवा दळून मैदा झाला.
काठ गुळगुळीत, आकडा सगळ्यांत मोठा.
मी वहीत लिहिलं: हीच.
खाली दोनदा रेघ मारली.

आठवड्यात घणसोलीहून डॉक्टर वैतींचा फोन.
"चित्र देखणं आहे हो तुमचं. खडा कुठंय?"

गेलो. भिंतीवर तोच बोर्ड,
येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
टेबलावर सुगंधाताई मढवी, रात्रीपासून उपाशी,
पदर तोंडात धरून कळ सोसत.
पित्ताशयात एक पांढुरका ठिपका,
असला तर असला, नसला तर नसला.

डॉक्टरांनी माझी पद्धत एका बोटानं बंद केली.
रवा परत आला.
आणि ठिपक्याखाली सरळ काळी पट्टी उतरली,
भर दुपारी खांबामागं पडावी तशी.

"खडा त्याच्या तोंडावरून नाही ओळखत,"
त्या म्हणाल्या, पडद्यावरून नजर न काढता,
"तो काय अडवतो त्यावरून ओळखतात.
तुम्ही सगळ्या बाजूंनी बघितलंत,
सावली राहणार कुठं?"

माझ्या जेलीत खडा नव्हता.
मी कधी घातलाच नव्हता.

वही उघडली. नवा रकाना आखला: सावली.
एककाच्या जागी पेन टेकवून बसलो,
शाईचा ठिपका तेवढा मोठा होत गेला.

सुगंधाताई पोट पुसत उठल्या,
माझ्याकडं बघून म्हणाल्या,
"फोटो बरा आला ना, भाऊ?
मग चहा चालंल आता?"