जवारी

माझा बाप तंबोऱ्याची जवारी काढायचा.
घोडीवर कानस, तारेखाली दोरा,
दोरा केसभर पुढं, केसभर मागं,
आणि एकदम तार बोलायला लागायची.
मी सतारमेकर गल्लीतून निघालो तो
मिरज स्टेशनच्या मागं, ग्रीसमध्ये.
बाप एवढंच म्हणाला,
कान घेऊन चाललायस निसार, वाया घालवू नको.

त्र्याऐंशी साली भैरू खराडे आला, कवठे एकंदचा,
राजदूतला दोन्हीकडं दुधाचे कॅन.
म्हणाला, मिस्त्री, वळणावर गाडी रडतीया.
रडतीया म्हणाला. आवाज करतीया नाही.
तिथंच मी त्याला चहा सांगितला.

दूध घालून घालून तो वळायला शिकलेला.
वळण कापायचं, पण कॅन हिंदकळता कामा नये,
हिंदकळला की झाकणाला लोणी धरतं
आणि डेअरीवाला पैसे कापतो.
पुढं पेपरवाल्यांनी विचारलं, तुमचे गुरू कोण?
हा म्हणाला, म्हशी.
त्यांनी छापलं नाही.

हळदीच्या एका अडत्याची जुनी येझदी घेतली, उधारीवर.
सीटखालून महिनाभर पिवळी धूळ निघत होती.
हरिपूरला संगमाखालच्या वाळूत सराव,
तो पडायचा, उठायचा, मी काठावर डोळे मिटून.
मिक्श्चरचा स्क्रू पाव फेरी,
मग पावाची पाव,
आणि एकदम गाडी बोलायची.
बाप आठवायचा तेव्हा.
कुणाला सांगितलं नाही.

कोल्हापूर, पुणे, बेळगाव. शोलावरम तीनदा,
ट्रकच्या हौद्यात, गाडीला दोर बांधून तिच्या शेजारी झोपून.
सत्त्याऐंशीला शेवटच्या फेरीत
पुढच्या दोघांमध्ये एका गाडीपुरती फट,
आणि भैरू तिच्यातून गेला.
रात्री विचारलं तर म्हणाला,
फट नव्हतीच रं.
पण त्या दोघांना ते कुठं माहीत होतं?

गावानं दसऱ्यासाठी ठेवलेली दारू माघातच उडवली,
बाण, औट, झाडं, आभाळ पांढरं झालं.
ट्रॅक्टरवर हारांत बुडालेला भैरू खाली वाकला,
निसार, माझे कान वाजतायत.
मी म्हणालो, लेका, आज सगळ्यांचेच वाजतायत.

ते वाक्य मला परत घ्यायचंय.

नंतर फार काही नाही.
हासळी मोडली, तीही सरावात, कुणी बघत नसताना.
नव्या गाड्या आल्या, त्यांच्याबरोबर नवी पोरं,
त्यांच्या हेल्मेटच्या किमतीत आमचा सीझन निघायचा.
कारखान्यानं वजनकाट्यावर घेतलं.
ज्यानं सेकंदाचे तुकडे पाडले
तो उसाच्या गाड्या मोजत बसला, तेवीस वर्षं,
आणि बैल काट्यावर सावकाश चढले तरी
कधी ओरडला नाही म्हणतात.
हौसाक्कानं मोठ्या कपात बेदाणे भरून ठेवलेत,
लहान कपात सुपारी.
एक कुठलातरी बिनदांड्याचा, त्यात कोंबडीला पाणी.

ऐकू येत नाही त्याला आता.
डॉक्टरनं कानात बॅटरी मारली आणि म्हणाला,
सायलेन्सर काढून इतकी वर्षं हिंडलात,
आता काय राहिलंय तपासायला?
तो फक्त हसला. त्याला वाटलं, बरं आहे म्हणतोय.

तरी शुक्रवारी येतो, दुकान बंद करायच्या वेळेला.
मी कोपऱ्यातली येझदी ओढतो, कांडी मारतो,
धूर पत्र्याला लागतो, शेजारची पोरं बोटं कानात घालून पळतात.
भैरू लांब स्क्रूड्रायव्हर उचलतो,
टोक सिलिंडरला टेकवतो
आणि लाकडी मूठ दातांत धरतो.
हाडातनं येतं म्हणतो.
डोळे मिटतो. हनुवटी थरथरते,
लाळ मुठीवरून मनगटापर्यंत, पुसत नाही.

मी स्क्रू फिरवतो, पाव, मग पावाची पाव.
माझ्या कानाला गाडी लागलेली असते.
तो मान हलवतो,
अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवतो:
अजून केसभर.