हातचा

विल्फ, पैसे आले.
दाराच्या फटीतून तपकिरी पाकीट पडलं
आणि मांजर दचकून जिन्याखाली पळालं.
एक हजार सत्तेचाळीस पौंड, साठ पेन्स.
तू असतास तर आधी साठ पेन्सचं विचारलं असतंस.

मला वाटायचं, कर एकदा गेला की गेला,
भरतीच्या पाण्यात पडलेल्या चपलेसारखा.
पण लायब्ररीत दर गुरुवारी बसतो ना, तो इद्रिस,
त्याने माझ्या पगाराच्या चिठ्ठ्या
पत्त्यांसारख्या टेबलावर मांडल्या, एप्रिल ते ऑक्टोबर,
आणि म्हणाला, मिसेस थ्रेलफॉल,
त्यांनी धरून चाललं होतं की तुम्ही वर्षभर कामावर जाणार.
करमाफीच्या पावाचे त्यांनी बारा तुकडे केले,
महिन्याला एक.
तुम्ही सात खाल्लेत.
पाच अजून त्यांच्याच कपाटात आहेत.

त्या पाच महिन्यांत तुमची कमाई शून्य, तो म्हणाला,
आणि शून्याला गोल काढला,
नीट, हलक्या हाताने.

मी त्या गोलाकडे बघत बसले.

नोव्हेंबरात तुझा पलंग खाली आणला,
समोरच्या खोलीत, ट्राम दिसेल असा.
जिना चढवेना तुला,
पण कुठली ट्राम किती मिनिटं उशिरा, ते पलंगावरून सांगायचास,
तीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस.
डिसेंबरात फक्त कस्टर्ड.
जानेवारीत मला आईच्या नावाने हाक मारलीस,
मी ओ दिली.
रात्री तीनला चादर बदलायची, चारला पुन्हा.
सकाळी सहाला कारखान्याचा भोंगा व्हायचा
आणि माझे पाय सवयीने बूट शोधायचे.
खोकल्याच्या गोळ्यांचा तो वास
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या केसांतून गेला.
तूच म्हणालास, आता तुला साधा माणसाचा वास येतो.
फेब्रुवारीचं
फेब्रुवारीचं राहू दे.

फॉर्मवर विचारलं होतं: काम का थांबवलंत?
जागा दीड ओळीची.
मी लिहिलं, भाऊ.
इद्रिस म्हणाला, थोडं अजून लिहा.
मी लिहिलं, भाऊ आजारी.
पुढे विचारलं होतं: येत्या चार आठवड्यांत पुन्हा कामावर जाणार का?
तिथे मात्र पेन अडलं.
बाहेर तुझी ट्राम गेली. चार मिनिटं उशिरा.

तुला आठवतं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
मला बेरजा शिकवायचास?
आठ आणि सात पंधरा, पाच मांड,
एक हातचा.
मी दर वेळी हातचा विसरायची
आणि तू शिसपेन्सिलीने माझ्या बोटांवर टकटक करायचास:
मॉड, हातचा कुणाच्या बापाचा नसतो,
तो पुढच्या घरात द्यायचा असतो.
बघ, एवढं मोठं सरकार,
तेही हातचा विसरलं.
मागायला गेले तेव्हा त्यांना आठवला.

आणि माझ्या हातचं जे गेलं
त्याचा फॉर्म कुठल्या कपाटात असतो,
हे मी इद्रिसला विचारलं नाही.
पोरगा चांगला आहे. उगाच कावराबावरा झाला असता.

सोमवारपासून पुन्हा जातेय, पॅकिंगलाच.
पैशांतून गॅसचं बिल भागेल,
दगडावर तुझं नाव कोरून होईल
(अक्षरागणिक भाव सांगतात, तुझं आखूड नावच घालणार आहे),
उरले तर समोरच्या खोलीला नवा गालिचा.
पलंगाच्या चार पायांचे खड्डे
जुन्यावरून काही केल्या जात नाहीत.
दोनदा इस्त्रीची वाफ दिली.
मग थांबले.

साठ पेन्स मात्र माझ्या पाकिटातून काढून
तुझ्या चामड्याच्या पिशवीत टाकलेत.
सुटे लागतात, तू म्हणायचास,
सुटे नसले की माणसं खोळंबतात.